आत्यांकडे राहायला जाताय? आधी त्यांच्या पेन्शन क्रेडिटचं पत्र वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून इंग्लंडमधल्या लेस्टरला एका वर्षाच्या मास्टर्ससाठी येताय. तिथं तुमच्या आत्या आहेत, वय ७१, एकट्या, हातपाय अधू, कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहतात. त्यांना स्टेट पेन्शन, पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या वृद्धांचं उत्पन्न किमान पातळीपर्यंत भरून काढणारी सरकारी मदत) आणि अटेंडन्स अलाउन्स (दुसऱ्याच्या मदतीची गरज असलेल्या वृद्धांचा भत्ता) मिळतो. त्यांच्याकडे राहिलात तर तुमचं भाडं वाचेल आणि त्यांना सोबत होईल. पण त्यांचे पैसे कापले जातील का, आणि काळजी घेणाऱ्याला मिळतो तो केअरर्स अलाउन्स तुम्हाला मिळेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे: नाही मिळणार. स्टुडंट व्हिसावर सरकारी भत्त्यांना हात लावायचा नाही ही अट असते आणि केअरर्स अलाउन्स त्या यादीत आहे. ती अट नसती तरी आठवड्याला २१ तास किंवा जास्त शिकणाऱ्याला तो देत नाहीत. शिवाय मागच्या १५६ आठवड्यांपैकी १०४ आठवडे ब्रिटनमध्ये राहिलेलं असावं लागतं. कुणी 'फॉर्म भरून तर बघ' म्हटलं तर ऐकू नका. असा भत्ता घेतला तर व्हिसाची अट मोडते, आणि ते पुढच्या अर्जांना आड येऊ शकतं. आत्यांनी आपल्या अलाउन्समधून तुम्हाला महिन्याला पगारासारखे पैसे देणं हाही मार्ग नाही. स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा करता येत नाही, आणि असं काम त्यातच धरलं जाऊ शकतं.

आता पहिला प्रश्न. त्यावर आपल्या लोकांत एक उत्तर फिरत असतं: 'अटेंडन्स अलाउन्सला काय होत नाही, बिनधास्त जा.' यातला पहिला भाग खरा आहे. अटेंडन्स अलाउन्स माणसाला किती मदतीची गरज आहे त्यावर ठरतो. घरात कोण राहतं, कोण कमावतं याच्याशी त्याचा संबंध नाही. २०२५-२६ मध्ये त्याचा दर आठवड्याला ७३.९० किंवा ११०.४० पौंड होता, आणि तुम्ही गेल्यामुळे तो कमी होत नाही. स्टेट पेन्शनलाही धक्का नाही. मार बसतो तो पेन्शन क्रेडिटला, आणि तोही त्यातल्या एकाच ओळीला.

ती ओळ म्हणजे 'सिव्हिअर डिसॅबिलिटी'ची जादा रक्कम. पेन्शन क्रेडिटचं हिशोबाचं पत्र दरवर्षी येतं. आत्यांना त्याचा फोटो पाठवायला सांगा आणि त्यात हे दोन शब्द शोधा. ही रक्कम २०२५-२६ मध्ये आठवड्याला ८२.९० पौंड होती आणि ती तीन अटींवर मिळते: अटेंडन्स अलाउन्ससारखा भत्ता चालू हवा, त्यांची काळजी घेतो म्हणून कुणाला केअरर्स अलाउन्स दिला जात नसावा, आणि त्यांच्या घरात १८ वर्षांवरचं दुसरं कुणी कायम राहत नसावं. तिसऱ्या अटीत तुम्ही अडकता. विद्यार्थ्याला इथं सूट नाही. कमाई शून्य असली तरी तुम्ही घरातले प्रौढ माणूस ठरता. (घरात येणारा माणूस स्वतः असाच अपंगत्वाचा भत्ता घेत असेल किंवा अंध म्हणून नोंदलेला असेल तर त्याला मोजत नाहीत.)

८२.९० गुणिले ५२ म्हणजे वर्षाला ४,३१०.८० पौंड. पण खरी भीती या आकड्याची नाही. २०२५-२६ च्या दरांनी हिशोब करू: एका व्यक्तीसाठी पेन्शन क्रेडिटची किमान पातळी आठवड्याला २२७.१० पौंड. जादा रक्कम धरून ती ३१० होते. समजा आत्यांना पूर्ण नवं स्टेट पेन्शन मिळतं, २३०.२५ पौंड. तुम्ही जाण्याआधी त्यांना ३१० वजा २३०.२५, म्हणजे ७९.७५ पौंड क्रेडिट येतं. तुम्ही सामान घेऊन पोचलात की पातळी परत २२७.१० वर येते आणि त्यांचं उत्पन्न तिच्यापेक्षा ३.१५ पौंडांनी जास्त ठरतं. क्रेडिट सगळंच बंद. आणि क्रेडिट बंद झालं की त्याला धरून आलेलं बाकीचंही सुटतं: कौन्सिल टॅक्सची (घरपट्टीसारखा कर) पूर्ण माफी, पूर्ण हाउसिंग बेनिफिट (घरभाड्याची सरकारी मदत), फुकट दातांचे उपचार, थंडीच्या लाटेतले २५ पौंड. घरभाडं आणि कौन्सिल टॅक्सची मदत पूर्ण जाईलच असं नाही, पण ती नव्यानं हिशोब करून ठरते आणि अर्ज अडकून पडतो. ज्यांचं स्टेट पेन्शन कमी आहे, समजा १५० पौंड, त्यांचं क्रेडिट १६० वरून ७७.१० वर येतं, पण चालू राहतं. म्हणजे पेन्शन बरं असलेल्यालाच धक्का मोठा बसतो. त्यामुळे आत्यांचा नेमका आकडा हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका.

मग करायचं काय? सरळ मार्ग असा की विद्यापीठाजवळ स्वतःची खोली घ्यायची आणि आत्यांकडे शनिवार-रविवार जायचं. तुमचा भाडेकरार, बँकेचा पत्ता, डॉक्टरकडची नोंदणी आणि विद्यापीठातला पत्ता सगळं त्या खोलीचं असलं की तुम्ही पाहुणे. किती रात्री राहिलं की 'कायम राहतो' असा ठरीव आकडा कायद्यात नाही. सगळं चित्र बघतात. पण खोली नुसती कागदावर आणि तुम्ही रोज आत्यांच्या सोफ्यावर, असं केलंत तर ती फसवणूक आहे, आणि वसुली आत्यांकडून होते.

दुसरा मार्ग फार जणांना माहीत नसतो. भाडं देऊन राहणारा माणूस, जर तो जवळचा नातेवाईक नसेल आणि व्यवहार खरोखर बाजारातल्यासारखा असेल, तर त्याला मोजत नाहीत. नियमांतल्या 'जवळच्या नातेवाइकां'त आईवडील, मुलं, भावंडं, सासूसासरे, जावई, सून, सावत्र नाती आणि या सगळ्यांचे जोडीदार येतात. भाचा येत नाही. आपल्याकडे आत्यापेक्षा जवळचं कोण, पण इंग्रजी कायद्याच्या लेखी तुम्ही भाडेकरू होऊ शकता. त्यासाठी लेखी करार, दर आठवड्याला किंवा महिन्याला बँकेतून जाणारं भाडं, आणि भाडं न दिल्यास बाहेर जावं लागेल अशी खरी अट पाहिजे. 'भाडं नाममात्र, बदल्यात आंघोळ-जेवण बघतो' असं केलंत की व्यवहार बाजारातला राहत नाही. कौन्सिलच्या कायम भाडेकरूला खोलीत भाडेकरू ठेवायचा हक्क असतो, तरी हाउसिंग ऑफिसला आधी लेखी कळवा.

भाड्याचा आकडा बेतानं ठरवावा लागतो. जेवण नसेल तर पेन्शन क्रेडिटच्या हिशोबात पहिले २० पौंड सोडतात, बाकी सगळं आत्यांचं उत्पन्न. जेवणासह असेल तर २० पौंड आणि उरलेल्याचा अर्धा भाग सोडतात. वरच्या २३०.२५ च्या उदाहरणात तुम्ही जेवणाशिवाय ९० पौंड दिले तर ७० मोजले जातात आणि क्रेडिट ९.७५ उरतं. आत्यांच्या हातात ७९.७५ ऐवजी ९० अधिक ९.७५ म्हणजे ९९.७५ येतात, आणि क्रेडिट नावापुरतं का होईना चालू असल्यामुळे बाकीच्या सवलती टिकतात. तेच भाडं १०५ केलं तर ८५ मोजले जातात, क्रेडिट संपतं आणि सगळा डोलारा कोसळतो. जेवणासह ११० दिले तर मात्र ४५ च मोजले जातात. जेवण खरंच आत्यांच्या घरचं असावं लागतं, तुम्ही आणलेलं पार्सल नव्हे.

कौन्सिल टॅक्सवर विद्यार्थ्याचा फायदा आहे. एकट्या माणसाला २५ टक्के सूट असते, आणि पूर्णवेळ विद्यार्थी त्यात मोजला जात नाही. विद्यापीठातून स्टुडंट सर्टिफिकेट काढून कौन्सिलला पाठवा. त्यावरची कोर्स संपायची तारीख उलटली की ही सोय संपते, हे बरेचजण विसरतात आणि मागाहून बिल येतं. हाउसिंग बेनिफिटमध्ये घरातल्या प्रौढ माणसामागे कपात असते खरी, पण घर ज्यांच्या नावावर भाड्यानं आहे त्यांना, म्हणजे आत्यांना, स्वतः अटेंडन्स अलाउन्स असेल तर ती होत नाही. म्हणजे ही कपात तुमच्या बाबतीत नाही.

आणखी एक जागा, जिथं नुकसान पैशात नाही तर माणसांत होतं. आत्यांना कौन्सिलकडून सकाळ-संध्याकाळ मदतनीस येत असेल तर तुम्ही आल्यावर त्यांच्या मदतीच्या गरजेची पुन्हा तपासणी होऊ शकते. तिथं आपली माणसं भिडेखातर 'मी आहे की, मी करतो सगळं' म्हणून बसतात. ते लिहून घेतलं जातं आणि मदतनीसाचे तास कमी होतात. परीक्षेच्या दिवसांत काय? जे जमेल तेवढंच सांगा: रात्रीचं जेवण गरम करून देईन, आंघोळ आणि औषधं मदतनीसाकडेच राहू देत. २०१४ च्या केअर ॲक्टनुसार काळजी घेणाऱ्याचीही वेगळी तपासणी मागता येते, आणि ती व्हिसाच्या बंदीत येत नाही.

तुम्ही राहायला गेलात तर आत्यांनी पेन्शन सर्व्हिसला (पेन्शन क्रेडिट देणारं सरकारी कार्यालय) लगेच फोन करून कळवायचं, नंतर नाही. उशीर झाला तर जादा दिलेले पैसे परत घेतात, वर ५० पौंड दंड लागू शकतो. फोनवर दुभाषा मागता येतो, आणि आत्यांच्या संमतीनं तुम्हीही त्यांच्यातर्फे बोलू शकता.

हा फोन केला की सगळाच दावा तपासला जाऊ शकतो, म्हणून तुम्ही न विचारलेली गोष्ट सांगतो. तुमच्या आजोबांच्या जमिनीच्या उताऱ्यावर वारस म्हणून आत्यांचं नाव लागलं आहे का? परदेशातली जमीन, घर हेही पेन्शन क्रेडिटमध्ये भांडवल धरतात. १०,००० पौंडांपर्यंत सोडतात, त्यावर प्रत्येक ५०० किंवा त्याच्या भागाला आठवड्याला १ पौंड उत्पन्न धरतात. सगळं मिळून भांडवल १४,००० झालं तर क्रेडिट ८ पौंडांनी कमी. किंमत धरायची ती फक्त आत्यांच्या हिश्श्याची, विक्रीखर्चाचे १० टक्के वजा करून. वाटणी न झालेल्या हिश्श्याला गिऱ्हाईक मिळत नाही, म्हणून सब-रजिस्ट्रारकडची गाइडन्स व्हॅल्यू (जमिनीचा सरकारी दर) सरळ लावू नका, मूल्यांकनकाराकडून हिश्श्याचा लेखी भाव घ्या. आणि घाबरून घाईघाईनं आत्यांकडून हक्कसोड पत्र करून घेणं तर मुळीच नको. भत्ता वाचवायला मालमत्ता सोडली असं ठरलं तर ती अजून त्यांचीच आहे असं धरून हिशोब करतात. जमीनही गेली, क्रेडिटही गेलं.

तुमच्या व्हिसाचं थोडक्यात. आत्यांकडे फुकट राहणार असं पत्र दिलं तरी बँकेत दाखवायची रक्कम कमी होत नाही. लंडनबाहेर महिन्याला १,१७१ पौंड, नऊ महिन्यांचे १०,५३९, शिवाय राहिलेली फी, आणि हे सगळं सलग २८ दिवस खात्यात हवं. खातं वडिलांचं असेल तर त्यांचं संमतीपत्र आणि तुमचा जन्मदाखला लागतो. दाखला निव्वळ कन्नडमध्ये असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा, त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख आणि संपर्क पाहिजे. वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दाखला, पासपोर्ट आणि बँकेत एकच आहे का ते आत्ताच बघा.

आत्यांना सुट्टीत गावाकडे आणायचा विचार असेल तर गणपतीला चार आठवड्यांच्या आत जाऊन परत यायचं. दोन महिने जायचं ठरवून निघालं तर पेन्शन क्रेडिट पहिल्या दिवसापासून थांबतं. अटेंडन्स अलाउन्स १३ आठवड्यांपर्यंत चालतो. कायमचं परत यायचं म्हटलं तर फक्त स्टेट पेन्शन येत राहतं, आणि भारतात राहणाऱ्यांना त्यात दरवर्षीची वाढ मिळत नाही.

आणि वर्ष संपून तुम्ही आत्यांच्या घरातून बाहेर पडलात तर जादा रक्कम आपोआप परत सुरू होत नाही. त्याच दिवशी पुन्हा फोन करायचा. क्रेडिट पूर्ण बंद झालं असेल तर नवा अर्ज लागतो, आणि त्यात मागचे पैसे जास्तीत जास्त तीन महिन्यांचेच मिळतात.