‘इबा’ म्हणजे ‘गेला होता’ नव्हे

प्रश्न असा आहे: स्पॅनिशमधल्या ‘इर’ (जाणे) या क्रियापदाचं इम्परफेक्ट, म्हणजे भूतकाळात चालू असलेल्या किंवा नेहमी घडणाऱ्या क्रियेचं रूप, ‘इबा’ होतं. हे रूप नियमाबाहेरचं का, आणि मराठीत त्याला ‘गेला होता’ म्हणायचं का?

नाही म्हणायचं. ‘होता’ दिसला की इम्परफेक्ट, हा ठोकताळा आता शिकवण्यांच्या वह्यांतून काढून टाकायला हवा. ‘गेला होता’ला स्पॅनिशमध्ये ‘आबीआ इदो’ म्हणतात. ‘इबा’ म्हणजे ‘जात होता’, ‘जायचा’, ‘जाई’. आपल्या शालेय व्याकरणात अपूर्ण भूतकाळ आणि रीतिभूतकाळ असे दोन कप्पे आहेत, स्पॅनिश त्या दोन्हींसाठी एकच रूप वापरतं. म्हणून नुसतं ‘अपूर्ण भूतकाळ’ हे नाव अपुरं पडतं. शिवाय त्यातून काम अर्धवट सोडल्याचा भलताच अर्थ मनात शिरतो. स्पॅनिशचे व्याकरणकार आंद्रेस बेल्यो यांनी १८४७च्या व्याकरणात या काळाला ‘कोप्रेतेरितो’ म्हटलं, मेक्सिकोत ते नाव अजून चालतं. भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या क्षणाच्या जोडीनं चालू असलेलं, असा त्याचा अर्थ. मराठीत ‘सहभूत’ म्हणावं, नेमकं बसतं.

रूपं सोपी आहेत. ‘आर’कारान्त क्रियापदांना आबा, आबास, आबा, आबामोस, आबाइस, आबान. ‘एर’ आणि ‘इर’कारान्तांना ईआ, ईआस, ईआ, ईआमोस, ईआइस, ईआन. आघातचिन्ह दुसऱ्या गटात सहाही रूपांवर येतं, पहिल्यात फक्त ‘आबामोस’च्या पहिल्या ‘आ’वर. अनियमित क्रियापदं सगळ्या भाषेत तीनच: सेर (असणे, ‘एरा’), बेर (पाहणे, ‘बेईआ’) आणि इर (‘इबा’).

आता खरी गंमत. ‘कांताबा’, म्हणजे गात होता, यातला ‘बा’ आला कुठून? लॅटिन ‘कांताबाम’मधून, आणि लॅटिनमधलं हे ‘बाम’ म्हणजे आपला भू धातू! मूळ भ लॅटिनमध्ये शब्दारंभी फ होतो, मध्ये ब: भ्रातृ–फ्रातेर, पण नभस्–नेबुला. म्हणून त्याच भू धातूचं स्वतंत्र रूप ‘फुई’ (मी होतो), आणि प्रत्यय म्हणून चिकटलं की ‘बाम’. लॅटिनची बहीण ऑस्कन, तिच्यात ‘ते होते’ला ‘फुफान्स’ म्हणत, इटलीतल्या आबेल्लाच्या शिलालेखात तो शब्द कोरलेला आहे; तिथेही तोच भू. इकडे भवतिचं प्राकृतात होइ झालं, त्यातून आपलं होणे आणि ‘होता’. म्हणजे ‘कांताबा’तला ‘बा’ आणि ‘गात होता’तला ‘होता’ एकाच धातूचे. आणि ‘इबा’? संस्कृत धातुपाठ सांगतो: इण् गतौ, भू सत्तायाम्, म्हणजे इ जाण्याचा, भू असण्याचा. एति (जातो) मधला इ आणि भू, बस्स. ‘जात होता’ हे दोन अक्षरांत!

तेव्हा ‘इबा’ला अनियमित म्हणून घोकायला लावणं हा त्या रूपावर अन्याय आहे. लॅटिन ‘ईबाम’ जसंच्या तसं टिकलं, एवढंच. बदलली ती बाकीची ‘एर’-‘इर’ मंडळी, त्यांनी ब गमावला. इटालियननं ‘तेमेवा’, ‘पार्तीवा’मध्ये त्याचा व जपलाय, स्पेनच्या आरागोन भागातल्या आरागोनीज भाषेत तर आजही ‘तेनेबा’. स्पॅनिशमध्ये ब गेला तो बहुधा ‘हाबेबाम’, ‘देबेबाम’ यांसारख्या रूपांत, जिथे एका ब पाठोपाठ दुसरा ब येतो आणि जीभ एक गाळते. चारदोन क्रियापदं सगळ्या गटाला कशी ओढतील, असं काही पंडित विचारतात. ओढतीलच! ‘हाबेबाम’चं स्पॅनिशमध्ये ‘आबीआ’ झालं, आणि ते ज्याचं रूप ते ‘आबेर’ हे सगळ्यात राबणारं साहाय्यक क्रियापद. ‘कांतारीआ’ (गाईन म्हणाला, गायला असता) हे रूप ‘कांतार’ला ‘आबीआ’ची झिजलेली शेपटी जोडूनच बनलं, हे तर त्या पंडितांनाही मान्य आहे. जे क्रियापद संपूर्ण भाषेला नवा काळ देतं, त्याला आपल्या गटाचा एक प्रत्यय बदलणं जड नाही.

‘एरा’ आणि ‘बेईआ’ पटकन सांगतो. ‘एरा’ म्हणजे लॅटिन ‘एराम’, त्याआधी ‘एसाम’, संस्कृत आसम्. दोन स्वरांमधल्या स चा र झाला. ‘बेर’ पूर्वी ‘बेएर’ होतं, त्यामुळे ‘बे’ अधिक ‘ईआ’ अगदी नियमात बसतं.

वापराचं राहिलं. जिथे मराठीत ‘जायचा’ किंवा ‘जाई’ घालता येतं, तिथे ‘इबा’ बिनधास्त. ‘गेला’ हवं असेल तर ‘फुए’. वय आणि घड्याळ सहसा सहभूतात: ‘तेनीआ दिएस आन्योस’ (दहा वर्षांचा होता), ‘एरान लास त्रेस’ (तीन वाजले होते). पण ‘जात होता’ची कसोटी एका ठिकाणी हमखास फसवते. ‘मी पाच वर्षं माद्रिदला राहत होतो’ हे मराठीत सहज चालतं, म्हणून माणूस ‘बिबीआ’ म्हणतो आणि चुकतो. पाच वर्षं मोजून दिली की काळाला दोन्ही टोकं आली. तिथे ‘बिबी सिंको आन्योस’ हवं. काम किती लांबलं याचा इथे संबंध नाही, टोक दाखवलंय का एवढंच पाहायचं.

‘साबीआ’ म्हणजे माहीत होतं, ‘सुपे’ म्हणजे कळलं. ‘कोनोसीआ’ ओळखत होतो, ‘कोनोसी’ ओळख झाली. ‘नो केरीआ’ नको होतं, ‘नो किसे’ म्हणजे चक्क नकार दिला. मराठीत या जोड्यांना वेगळे शब्द आहेत, ते आठवले की काळ आपोआप ठरतो.

पहिल्या आणि तिसऱ्या पुरुषी एकवचनाचं रूप एकच, कारण लॅटिनचे शेवटचे म आणि त गळून गेले. त्यामुळे एरवी गाळला जाणारा ‘यो’ (मी) इथे घोटाळा होईल तिथे घालावा: ‘यो इबा’. आणि हॉटेलात ‘केरीआ उन काफे’ म्हणावं. ‘एक कॉफी हवी होती’ असं आपण म्हणतो ना, तेच, त्याच अदबीनं.