वाचकांचे प्रश्न : बिलाची रक्कम म्हणजे उत्पन्न नव्हे

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहतो. कर्ज काढून स्वतःच्या नावावर छोटा हत्ती घेतला असून यवतमाळच्या गोदामातून पार्सले उचलून गावोगाव पोहोचवतो. महिन्याला सरासरी ५८,००० रुपयांचे बिल होते, त्यातून १ टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरायचा कर, कापला जातो. डिझेलला महिन्याकाठी १९,००० रुपये लागतात, बँकेचा हप्ता ११,००० रुपये आहे आणि टायर, दुरुस्ती व विमा यांवर वर्षाला ४८,००० रुपये जातात. तीन एकर कपाशीही आहे. वर्षाची रक्कम सात लाखांच्या घरात जाते, तेव्हा मोठा कर बसेल असे सगळे सांगतात, म्हणून मी दरमहा ५,००० रुपये बाजूला टाकतो. तेवढे पुरतील काय?

उत्तर : आपल्याला कर लागेल असे दिसत नाही. कर बिलाच्या रकमेवर नव्हे, तर धंद्याचा खर्च वजा जाऊन उरलेल्या उत्पन्नावर लागतो. आपले वर्षाचे बिल ६,९६,००० रुपये होते. त्यातून डिझेलचे २,२८,००० आणि टायर, दुरुस्ती व विम्याचे ४८,००० रुपये वजा करावेत. हप्त्याच्या बाबतीत मात्र बहुतेकांची गफलत होते. हप्त्यातील मुद्दल ही कर्जाची परतफेड असते, खर्च नव्हे. खर्चात फक्त व्याज धरता येते, आणि त्यासाठी बँकेकडून वर्षभराच्या व्याजाचा दाखला मागून घ्यावा. ते व्याज ३८,००० रुपये निघाले असे धरल्यास आपले उत्पन्न ३,८२,००० रुपये राहते, आणि यात गाडीचा घसारा, म्हणजे वापरामुळे दरवर्षी घटणारी तिची किंमत, अजून धरलेलाच नाही.

२०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत ४ लाख रुपयांपर्यंत कर नाही. त्यापुढे १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर मोजला जातो खरा, पण ६०,००० रुपयांपर्यंतच्या रिबेटमुळे, म्हणजे करातील सवलतीमुळे, तो शून्यावर येतो. गावातले गुरुजी पावणेतेरा लाखांपर्यंत कर नाही असे सांगत असतील, तर त्यातील ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट पगारदार व निवृत्तिवेतनधारकांसाठी आहे. ती आपल्याला मिळणार नाही. कपाशीचे उत्पन्न करमुक्त आहे आणि आपल्या आकड्यांत त्याने काही फरक पडत नाही, तरी आयकर विवरणपत्रात ते वेगळे दाखवावे.

हिशेबाच्या वह्या ठेवणे जमत नसेल, तर १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ४४एई आपल्यासारख्यांसाठीच आहे. दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसलेल्या मालकाला हलक्या गाडीमागे दरमहा ७,५०० रुपये, म्हणजे वर्षाला ९०,००० रुपये उत्पन्न धरता येते. कर्जावरची गाडीही त्यात बसते, भाड्याने घेतलेली बसत नाही. या रकमेतून पुन्हा डिझेल किंवा व्याज वजा करता येत नाही. तरीही केवळ ९०,००० रुपये दाखवून मोकळे व्हावे, असा सल्ला मी आपल्याला देणार नाही. प्रत्यक्ष कमाई त्याहून जास्त असेल, तर तीच दाखवण्याची सोय याच कलमात आहे. ३,८२,००० रुपये दाखवूनही कर शून्यच राहतो, आणि उद्या दुसऱ्या गाडीसाठी बँकेच्या दारात उभे राहाल, तेव्हा साहेब विवरणपत्रातला आकडाच पाहतील.

विवरणपत्र भरण्याचे दुसरे कारण टीडीएस हे आहे. वर्षाला कापले जाणारे ६,९६० रुपये आपलेच आहेत, पण विवरणपत्र भरल्याशिवाय ते परत मिळत नाहीत. त्याआधी फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावे जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, ती रक्कम आपल्या पॅनवर जमा दिसते का, हे अवश्य तपासावे. दहा किंवा त्याहून कमी मालवाहू गाड्या असलेल्या वाहतूकदाराने तसे लेखी निवेदन पॅनसह काम देणाऱ्या कंपनीला दिले, तर ही कपात करावी लागत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतील, म्हणून त्यानंतरच्या निवेदनात जुना क्रमांक उतरवू नये.

आगाऊ कराची, म्हणजे वर्ष संपण्याआधीच हप्त्यांनी भरायच्या कराची, चिंताही सोडावी, कारण टीडीएस वजा जाऊन वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा अधिक होत असेल तरच तो भरावा लागतो. बाजूला टाकलेले ५,००० रुपये टायर आणि विम्यासाठी राखून ठेवावेत. आणि डिझेलच्या पावत्या गाडीत काचेखाली ठेवत असाल, तर ती सवय आजच मोडावी : आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्या कागदावरची अक्षरे पार उडून जातात. रोज रात्री तारीख, किलोमीटर आणि डिझेलचे रुपये वहीत लिहावेत आणि पावतीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा.