उपचार संपल्यानंतरची फाइल

विश्रामबाग, सांगली

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

उपचार संपून दोन वर्षे झाली, आता दवाखान्याची पायरी चढायची नाही, असे तू परवा म्हणालीस. तुझ्या वयात याच हॉजकिन्समधून, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगातून, उठल्यावर मीही हेच म्हणाले होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. आतापर्यंत गाठ परत आली का, एवढेच पाहिले जात होते. यापुढे ज्या औषधांनी गाठ घालवली, त्यांनी शरीरात मागे काय ठेवले, तेही पाहायचे असते. अमेरिकेतील चिल्ड्रन्स ऑन्कोलॉजी ग्रुप या मुलांच्या कर्करोगावर काम करणाऱ्या गटाची मार्गदर्शक तत्त्वे, जी प्रथम २००३ मध्ये निघाली आणि आजही सुधारली जातात, ती उपचारानंतर दोन वर्षांनीच लागू होतात, आणि त्यांतील तपासण्या मुख्यतः मिळालेल्या औषधांवरून व त्यांच्या मात्रेवरून ठरतात.

तुला एबीव्हीडीच्या, म्हणजे चार औषधांच्या एकत्र केमोथेरपीच्या, सहा सायकल (फेऱ्या) मिळाल्या. त्यांतल्या लाल औषधाची, म्हणजे डॉक्सोरुबिसिनची, मात्रा पूर्ण दिली असेल तर शरीराच्या दर चौरस मीटरमागे ३०० मिलिग्रॅम होते. ही मात्रा २५० किंवा त्याहून अधिक असेल, तर हृदयाचा स्नायू हळूहळू दुर्बळ होण्याचा धोका अधिक धरतात आणि दर दोन वर्षांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगतात, दम लागत नसला तरीही. मानेला शेक (रेडिएशन) दिला होता, म्हणून थायरॉइडची टीएसएच ही रक्ततपासणी दरवर्षी करायची. छातीलाही शेक मिळाल्यामुळे स्तनांची मॅमोग्राफी (एक्स-रे तपासणी) व एमआरआय वयाच्या पंचविशीपासून किंवा शेकानंतर आठ वर्षांनी, यांपैकी जे नंतर येईल तेव्हापासून, दरवर्षी करायची. तुझ्या बाबतीत ते सव्विसावे वर्ष असेल.

हे सारे कागदावर हवे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आमच्या गावभागातल्या घरात शिरले आणि माझ्या फाइलीचा लगदा झाला. पुढे मिरजेत पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांनी ब्लिओमायसिन मिळाले होते का, असे विचारले आणि मला उत्तर देता येईना. एबीव्हीडीतलेच ते औषध फुप्फुसांवर परिणाम करते आणि भूल देताना ऑक्सिजन किती द्यायचा, हे त्यावरून ठरवावे लागते. शेवटी महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठून जुन्या केस नंबरवरून नोंदी काढून आणल्या. तू औषधांची नावे, एकूण मात्रा, शेकाची जागा व ग्रे (शेकाची मात्रा मोजायचे एकक) आणि तारखा असा एका पानाचा सारांश आताच मागून घे. परळच्या टाटा हॉस्पिटलात बालपणी कर्करोग झालेल्यांसाठी असा उपचारोत्तर दवाखाना १९९१ पासून चालतो. सगळीकडे अशी सोय नसते, म्हणून कागद आपणच सांभाळावा लागतो.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे कोणी बोलत नाही. स्थळे येऊ लागली की घरचे ही फाइल कपाटाच्या तळाशी ठेवायला सांगतील. त्यांची भीती मला समजते, पण ते मान्य करू नकोस. गरोदरपणात हृदयावर ताण वाढतो, म्हणून प्रसूतीच्या डॉक्टरांना डॉक्सोरुबिसिनबद्दल पहिल्याच भेटीत सांगायचे असते आणि इकोही करायचा असतो. जी गोष्ट नवऱ्यापासून लपवली, ती त्याच्या देखत डॉक्टरांना कशी सांगशील?

थकवा, झोप न लागणे, तपासणीच्या आदल्या रात्रीची धडधड, हेही डॉक्टरांना सांगण्याजोगे आहे. घरात मिश्री असली तरी तू हात लावू नकोस.

येत्या रविवारी डिस्चार्ज कार्ड आणि शेकाचे कागद घेऊन ये. सारांशासाठीचा अर्ज आपण दोघी मिळून लिहू.

तुझी,
मावशी