३० टाकला की ६० ला जाते: उत्तर जरा लांबलंय, सांभाळून घ्या

दादा, तुमची ऑटोकॅड (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) मधल्या कोनांबद्दलची पोस्ट वाचली आणि आमच्या ऑफिसातला जुना सगळा तमाशा आठवला. तुम्ही लिहिलंय की सर्व्हेवाल्याने पाठवलेल्या फाईलमध्ये @६०००<३० (लांबी ६०००, कोन ३० अंश) टाकलं की रेषा ६० ला असल्यासारखी उभट जाते, कोरी फाईल घेतली की तीच रेषा नीट ३० ला पडते, आणि ४५ मात्र दोन्हीकडे बरोबर येतो. वर तुमच्या दापोलीच्या प्लॉटची हद्द त्यांच्या तक्त्यातले आतले कोन टाकून काढली तर शेवटचं टोक पहिल्या खुंटाला येऊन मिळत नाही. खाली चार जणांनी ऑर्थो बंद करा, पोलर चालू करा (रेषा ठराविक कोनांत धरून ठेवायच्या सोयी) असं सांगितलंय, ते तुम्ही आधीच केलं असणार म्हणून त्यात जात नाही. हे दोन वेगळे घोळ आहेत आणि दुसरा पहिल्यापेक्षा बेकार आहे.

पहिला चटकन उरकतो. त्या फाईलमध्ये युनिट्स कमांड मारा, डायरेक्शनच्या बटणात ईस्टच्या जागी नॉर्थ असणार आणि बाहेर क्लॉकवाईजला टिक असणार, पैज लावायला तयार आहे. सर्व्हेवाले बेअरिंग, म्हणजे रेषेच्या दिशेचा कोन, उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजतात, ऑटोकॅड मुळात पूर्वेपासून काट्याच्या उलट मोजतो, म्हणजे ९० वजा बेअरिंग हा आपला कोन. ३० चा ६० होतो आणि ४५ चा ४५ च राहतो, त्यामुळे ४५ टाकून चेक करण्यात काही अर्थ नसतो, चेक करायचं तर ० टाका, रेषा उजवीकडे जायच्या ऐवजी वर गेली की समजा. रेषेची माहिती दाखवणारी लिस्ट कमांड मारून पण कळणार नाही कारण तीही त्याच सेटिंगने मोजते आणि निर्लज्जपणे ३० च दाखवते. ही सेटिंग फाईलमध्येच सेव्ह होते म्हणून फाईलबरोबर तुमच्याकडे आली. ईस्ट करा, टिक काढा, आधी काढलेल्या रेषा जागच्या हलत नाहीत, फक्त पुढचं टाइप केलेलं सरळ वागतं. त्याआधी यूसीएस (ड्रॉइंगचे एक्स-वाय अक्ष) मूळ जागी, म्हणजे वर्ल्डला आहे ना तेवढं बघा, कारण शून्य कोन यूसीएसच्या एक्सपासून धरला जातो, आणि कोणीतरी रस्त्याला समांतर दिसावं म्हणून यूसीएस फिरवून ठेवलेला असला तर अजून वेगळीच मजा.

आता दुसरा, ज्याने आम्हाला रडवलं.

वेंगुर्ल्याच्या बाजूला एका वाडीतलं घर आणि कंपाउंडचं काम होतं. मोजणी एका खासगी ऑफिसकडून करून घेतलेली, नाव घेत नाही, घेण्यात अर्थही नाही. त्यांनी आम्हाला छापील तक्ता दिला, एका कॉलममध्ये लांबी, दुसऱ्यात कोन, आणि कोनाच्या कॉलमवर नुसतं 'कोन' असं लिहिलेलं, बाकी ना अंश ना मिनिट. आकडे ४५.३०१५ असे. आता कुठल्याही ड्राफ्ट्समनला हे दशांश अंश वाटणार आणि तो @६००००<४५.३०१५ टाकून मोकळा होणार. पण टोटल स्टेशनवर (मोजणीचं मशीन) कोन बऱ्याचदा असाच लिहितात, टिंबाच्या आधी अंश, टिंबानंतरचे दोन आकडे मिनिटं, पुढचे दोन सेकंद. म्हणजे त्यांचा ४५.३०१५ म्हणजे ४५ अंश ३० मिनिटं १५ सेकंद, जो दशांशात ४५.५०४२ होतो, आणि ऑटोकॅडला ४५.३०१५ म्हणजे ४५ अंश १८ मिनिटं. फरक जेमतेम ०.२ अंशाचा, स्क्रीनवर डोळ्याला दिसतही नाही. पण ती बाजू ६० मीटरची होती आणि ६० मीटरवर तो फरक २१ सेंटीमीटर होतो, वीतभर.

मी त्या ऑफिसला आधी फोन केला होता हो, की हे आकडे नक्की कशात आहेत. उत्तर काय, 'डिग्रीत आहेत, अजून कशात असणार.' परत केला तर साहेब साईटवर, मग साहेब गणपतीला गावी, मग एकदा 'तुम्ही ड्रॉइंगवाले, तुम्हाला सर्व्हेतलं काय कळतं' हे पण ऐकून घेतलं. तोपर्यंत पाया खणून चिऱ्यांचे दोन थर चढले होते आणि शेजारचे काका पाणंदीत उभे राहून बोंब मारत होते, 'तुमच्या कंप्युटरान माझ्या माडाक रेघ मारल्यान!' चुकीचं काहीच बोलत नव्हते, चिऱ्यांची ओळ खरंच त्यांच्या माडाच्या बुंध्याला जाऊन भिडली होती. चिरे काढले, परत खणलं, मजुरी दोनदा गेली, क्लायंटने बिलातून कापले ते वेगळे. आणि त्या ऑफिसने काय केलं तर तोच तक्ता परत पाठवला, ह्या वेळी रंगीत छापून.

तुमच्या तक्त्यातही हाच प्रकार असावा असं वाटतंय, तक्ता मी बघितलेला नाही त्यामुळे छातीठोक सांगत नाही. ओळखायची खूण अशी की सगळ्या कोनांमध्ये टिंबानंतरचे पहिले दोन आकडे ६० च्या खाली असतील आणि त्यापुढचे दोनही ६० च्या खाली असतील तर ते मिनिटं-सेकंदच आहेत, खऱ्या दशांशात कुठेतरी .७२, .८९ दिसलंच असतं. दुसरी खूण, आतल्या कोनांची बेरीज करा, पाच बाजूंच्या प्लॉटला ५४० यायला हवी (बाजू वजा २, गुणिले १८०). कॅल्क्युलेटरच्या अंश-मिनिटाच्या बटणाने केलेली बेरीज ५४० च्या आसपास आली आणि साध्या दशांशाची भलतीच आली तर उत्तर मिळालंच. मग टाकताना ४५d३०'१५" असं टाका, मध्ये इंग्रजी छोटा डी, दशांश करत बसायची गरज नाही, युनिट्स डेसिमलमध्ये असले तरी ऑटोकॅड हे घेतो. आणि हो, युनिट्समध्ये कोनाची प्रिसिजन (टिंबानंतर किती आकडे दाखवायचे ते) वाढवून ठेवा, बऱ्याच फाईलींत ती ० असते, म्हणजे ४५.३ काय आणि ४५.१ काय, तो ४५ च दाखवणार.

क्लोज (शेवटचं टोक पहिल्याला आपोआप जोडणारा पर्याय) मारून हद्द पूर्ण करू नका ही हात जोडून विनंती. शेवटची बाजू पण कोनाने आणि लांबीनेच मारा आणि राहिलेली फट मोजा. क्लोज मारलं की सगळी चूक त्या एका बाजूत गडप होते आणि ड्रॉइंग दिसायला गोंडस.

जाता जाता, छपराचा उतार १:२ असा दिला असेल तर त्याचा कोन काढून २६.५७ वगैरे टाकू नका, सरळ @२०००,१००० मारा. आणि डायनॅमिक इनपुट (कर्सरशेजारी आकडे टाकायची खोकी) चालू ठेवून टॅबने कोनाच्या खोक्यात ३० टाकत असाल तर माऊस आडव्या रेषेच्या खाली असला की ते खाली ३० जातं, पोरं ह्यावर तास घालवतात. मी तर हद्द काढताना एफ१२ दाबून ते बंदच ठेवतो, काही जणांना पटणार नाही, माझी सवय.

माझं स्पष्ट मत विचाराल तर कोन-लांबीचा तक्ता घ्यायचाच कशाला. मोजणीवाल्याकडून प्रत्येक खुंटाचे ईस्टिंग-नॉर्दिंग (पूर्वेकडचा आणि उत्तरेकडचा आकडा) मागा, त्यांच्या मशीनमधून तसेच निघतात, त्यात मिनिटं-सेकंदांची भानगडच नाही. फक्त बरेच जण नॉर्दिंग आधी लिहितात, ऑटोकॅडला ईस्टिंग आधी लागतं, उलटे टाकलेत तर प्लॉट आरशातल्यासारखा पलटी होईल. देत नसतील तर शेवटचा हप्ता थांबवा, मग देतात. आणि चिरे उतरवायच्या आधी कर्ण टेपने मोजून घ्या, शेजाऱ्यांना समोर उभं करून.