ॲलर्जीचं संशोधन करायचंय, मग पशुवैद्यक की बायोटेक?

प्रिय सई,

तुला लहानपणापासून इसब, आईला दमा, आणि घरचा लॅब्रॅडोर पावसाळा आला की पंजे चाटून लाल करतो. ॲलर्जी वारशाने कशी येते ते कुत्र्यांवरून शोधायचं तर बारावीनंतर पशुवैद्यक घेऊ की बायोटेक, आणि त्यासाठी कुत्र्यांना इजा करावी लागेल का, असं तू विचारलंस.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तोच तुला जास्त छळतोय असं पत्रावरून वाटलं. शार्ल रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञाने कुत्र्यांना समुद्री जीवाचं विष टोचून ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया, ओळखला. १९१३ चं नोबेल त्यासाठीच मिळालं, पण ती कुत्री जिवानिशी गेली. वारशाचा आजचा अभ्यास मुख्यतः घरोघरच्या, मुळातच खाजेने हैराण असलेल्या कुत्र्यांवर चालतो. मालकाची संमती, थोडं रक्त आणि वंशावळ एवढंच लागतं. एका जातीची कुत्री मोजक्या पूर्वजांपासून आलेली असतात, म्हणून दोषी जनुकाचा पत्ता माणसांपेक्षा कमी नमुन्यांत लागू शकतो. ब्रिटनमध्ये अंधांना वाट दाखवणाऱ्या लॅब्रॅडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांचा २००४ मध्ये अभ्यास झाला. ॲटोपिक त्वचारोग (थोडक्यात ॲटोपी, म्हणजे धूळ-परागकणांसारख्या गोष्टींच्या ॲलर्जीने त्वचेला सुटणारी खाज) कुणाला होतो, कुणाला नाही, या फरकात जवळपास निम्मा वाटा वारशाचा निघाला.

माझं मत स्पष्ट आहे: पशुवैद्यक घे. कुत्रं खाजवतंय म्हणजे ॲटोपीच असं नव्हे. पिसवा, लूत, खाण्यातली ॲलर्जी हे सगळं वगळल्यावरच ॲटोपीचं निदान होतं. निदान चुकलं तर पुढचं जनुकांचं सगळं गणित चुकतं. संगणकावरचं विश्लेषण नंतरही शिकता येतं, पण जनावराच्या अंगावर हात ठेवून रोग ओळखायची नजर दवाखान्यातच तयार होते.

बी.व्ही.एस्सी. या पशुवैद्यकाच्या पदवीसाठी ‘नीट’ द्यावी लागते. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे सरकारी महाविद्यालयं आहेत. पुढे पशुआनुवंशिकीत एम.व्ही.एस्सी. कर. ‘नीट’ जमली नाही तर जीवशास्त्रासाठी पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेची वेगळी प्रवेश परीक्षा आहे.

एक गोष्ट मात्र तू विचारलीच नाहीस. या शिक्षणात गाईम्हशी, वाळलेला चारा, धूळ, केस यांच्यात रोजचा वावर असतो. तुझं इसब त्याने चिघळू शकतं. फॉर्म भरण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना भेट आणि ते काय म्हणाले ते मला कळव.