समोरची खुर्ची

१० नोव्हेंबर २०२४

चि. लेकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

रात्री पावणेबाराला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. एवढं लांबलचक लिहिलंस आणि मुद्द्याची ओळ शेवटी कंसात घातलीस: ‘(विधानसभेला बूथवर पक्षाचा एजंट म्हणून बसायला सांगतायत, पण त्या पक्षाचं आपल्याकडे डिपॉझिट तरी वाचेल का?)’ मी तिथूनच सुरू करतो. नाही वाचणार. तरी बस.

तो पक्ष माझा नाही, हे तुला माहीत आहे. चाळीस वर्षं ज्यांच्या विरोधात घसा फोडला, त्यांच्याच बाजूनं बस म्हणून सांगतोय. आमच्या तालुकाध्यक्षाला कळलं तर माझं काही खरं नाही. पण समोरची खुर्ची रिकामी असलेल्या बूथवर मी एकदा बसलोय, आणि तो घास अजून घशाखाली उतरलेला नाही.

१९९० ची विधानसभा. फेब्रुवारीचा शेवट, जिल्हा परिषद शाळेची खोली, फळ्यावर आदल्या दिवशीचा सुविचार तसाच. तेव्हा कागदी मतपत्रिका, शिक्का आणि पत्र्याची पेटी. विरोधकांचा एजंट दुपारी दोनला उठून गेला, तो परत आलाच नाही. बदलीला त्यांच्याकडे माणूस नव्हता. साडेतीनच्या सुमाराला एक बाई डोक्यावरून पदर ओढून आत आली. तिनं सांगितलेलं नाव ऐकलं आणि यादीवर खुणा करायची पेन्सिल मी खाली ठेवली. त्या नावाच्या म्हातारीला दिवाळीच्या आधी मी खांदा दिला होता.

मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घ्यायला दोन रुपये भरावे लागतात. तेव्हाही दोन, आजही दोनच. माझ्या खिशात होते. पण बाई आमच्याच जीपमधून उतरली होती. मी खिडकीबाहेरच्या बाभळीकडे बघत बसलो. तिच्या बोटाला शाई लागली, मतपत्रिका पेटीत पडली. आमचा माणूस हजारो मतांनी निवडून आला. त्या एका मताची आम्हाला गरजसुद्धा नव्हती. गुलालात मीही होतो.

मला तिथे बसवलं होतं ते प्रामाणिक म्हणून, हे लक्षात घे. गावात माझं नाव होतं. एकट्या प्रामाणिक माणसाचं काय होतं ते त्या दुपारी मी बघितलं, स्वतःच्याच रूपानं. समोर कुणी असतं तर त्यानं दोन रुपये टेबलावर आपटले असते. आणि खरं सांगू? मला हायसं वाटलं असतं. एकमेकांवर काडीचा विश्वास नसलेली दोन माणसं एकाच बाकावर दिवसभर बसतात, त्याच्यावर ही सगळी निवडणूक उभी आहे.

आयोग आहे, निरीक्षक आहेत, कॅमेरे आहेत, असं तू लिहितेस. आहेत ना. परराज्यातून आलेल्या निरीक्षकाला आपल्या आळीतलं कोण वारलं, कोण पुण्याला गेलं, कुणाची मुलगी सासरी नांदते, काय ठाऊक? गैरहजर, स्थलांतरित आणि मृत मतदारांची वेगळी यादी केंद्राध्यक्षाच्या हातात असते. ती पुरी आहे की अर्धी, हे सांगायला गल्लीतलंच माणूस लागतं. म्हणून समोरची खुर्ची.

आणि ते नोटाचं पुन्हा काढू नकोस. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, साडेसत्तावीस हजार मतं. पुढे काय झालं? नोटाचा एजंट नसतो. नोटा मतमोजणीच्या टेबलाशी उभा राहत नाही. पाच वर्षांत एकदाही पाण्यासाठी तहसीलवर मोर्चा नेत नाही. हरलेला पक्ष नेतो, निदान नेऊ शकतो. जिंकणाऱ्याला मागं वळून बघायला लावतो तो हरलेलाच, आणि तोच उद्या बूथवर दिसला नाही तर आमच्यासारख्यांना रान मोकळं. या जूनमध्येच मुंबई वायव्यचा निकाल ४८ मतांवर लागला. ४८! चाळीतल्या एका मजल्यावरची मतं.

पहिल्या निवडणुकीच्या वेळी मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांना सतरा कोटींहून जास्त मतदारांच्या याद्या करून घ्यायच्या होत्या. त्यातून जवळपास २८ लाख बायकांची नावं गाळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. तू यादीत स्वतःच्या नावानं आहेस आणि घरी बसायचं म्हणतेस. राग येतो गं.

तुझा टोचणारा प्रश्न राहिला. ‘तुमच्या पक्षानं एवढं सगळं केलं, तरी तुम्ही का राहिलात?’ फूट पडली तेव्हा दोन्हीकडून फोन आले. मी होतो तिथेच राहिलो आणि त्याला निष्ठा म्हणालो. काकू त्याला सवय म्हणते. पक्षांना नाव न सांगता देणगी द्यायचे ते निवडणूक रोखे फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं रद्द केले तेव्हा आमच्या शाखेत कुणी चकार शब्द काढला नाही, मीही नाही. मधे दोन वर्षं राजीनामा देऊन जागरूक नागरिकही होऊन बघितलं. निवेदनं दिली, पोच घेतली. त्या पोचांची फाइल माळ्यावर आहे, हवी तर ने. परत पक्षात आलो तेव्हा निदान वस्तीवरच्या साठेक पोरांचे सहा नंबरचे फॉर्म भरून त्यांची नावं यादीत घातली. आता हे तू समर्थन म्हणशील. म्हण. पण बाहेर उभं राहून एवढंही झालं नसतं.

असो. कामाचं ऐक. एजंट नेमायच्या दहा नंबरच्या नमुन्यावर उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची सही घेऊन पहाटे साडेपाचला केंद्रावर पोच. मॉक पोलमध्ये, म्हणजे मतदानाआधीच्या चाचणीत, निदान पन्नास मतं टाकतात. यंत्राचा आकडा आणि व्हीव्हीपॅटच्या छापील चिठ्ठ्या जुळल्या की ती मतं पुसली का आणि यंत्र शून्य दाखवतं का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. नंतर कुणीतरी गोड आवाजात म्हणेल, ‘ताई, संध्याकाळी गडबड होते, आत्ताच सह्या करून ठेवा.’ कोऱ्या फॉर्मवर सही द्यायची नाही. केंद्राध्यक्ष बहुतेक वेळा बिचारा मास्तरच असतो, रात्रभर झोपलेला नसतो. त्याच्याशी भांडू नकोस, फक्त सही देऊ नकोस. मतदान संपल्यावर १७ सी नमुन्याची प्रत हातात पडेपर्यंत उठायचं नाही. एकूण किती मतं पडली ते त्यावर असतं, आणि मोजणीच्या दिवशी तुमच्या माणसाजवळ तो एकच कागद बोलतो. बदलीचा माणूस आजच ठरवून ठेव. जेवायला गेलीस तरी खुर्ची भरलेली हवी.

मैत्रिणी हसतात म्हणालीस. हसू देत. त्यांना बदलीला घे.

२० तारखेला आमच्याकडून त्या खोलीत मीच आहे, मागून घेतलंय. काकू दोघांपुरती थालीपीठं देणार आहे, ती खायला हरकत नाही. पण दोन रुपयांची सुटी नाणी जवळ ठेव. आमच्या बाजूचं कुणी खटकलं, तर माझ्या तोंडाकडे बघत बसू नकोस.

तुझा,
काका