साडेचार वर्षांचा पोरगा आणि सोफा

प्रश्न : ताई, मुलगा साडेचार वर्षांचा आहे, ज्युनिअर केजीत. टीचरनी ग्रुपवर व्हिडिओ टाकला, वर्गातली बाकं बाजूला सारून पोरं भिंत ढकलतायत, एकाला गोणपाटावर बसवून ओढतायत. आता हा घरी सोफा ढकलतो, पाण्याचा जार ओढतो, परवा आठ महिन्यांच्या बहिणीलाच उचलायला गेला! सासूबाई म्हणतात जड उचलून बेंबी सरकते, उंची खुंटते. टीचरना बंद करायला सांगू का? – एक आई, सांगली

उत्तर : अहो, बंद कशाला. बालवाडीत मीपण हाच गोणपाटाचा खेळ घ्यायचे. एकट्याने ओढलं की गोणपाट हलत नाही, मग पोरगं मागे वळून बघतं, दात-ओठ खाऊन परत ओढतं, शेवटी "ये ना रे" म्हणून कुणाला तरी बोलावतं आणि दोघांनी जोर लावला की ते असं सर्रकन सरकतं की ओढणारेच बुडावर आपटतात. पुढच्या वेळी बरोबर हळू सुरू करतात. किती जोर लावायचा ते असंच कळतं, नाहीतर पेन्सिलीचं टोक दर दोन मिनिटांनी मोडतंच की.

सोफा ढकलून उंची खुंटत नाही आणि बेंबी सरकत नाही, सासूबाईंना माझा नमस्कार सांगून सांगा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसातून निदान १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली ६० तरी चांगली दमवणारी. बाकावर बसवून कशी होणार ती?

टीचरना एकच विचारा, ओढताना पोरं एकमेकांचे हात तर धरत नाहीत ना. एवढ्या लहान वयात मनगट धरून हिसका दिला की कोपराचं हाड जागचं सरकू शकतं, पोरगं रडतं आणि हात हलवतच नाही. तसं झालं तर चोळत बसू नका, सरळ डॉक्टरकडे न्या. म्हणून गोणपाटाला दोरी बांधायची, हात ओढायचा नाही. (मोठी माणसं रस्त्यात पोराला दोन्ही हातांना धरून झुलवतात ना, तेही नकोच.)

जार अंगावर पडेल, तो बंद. बहिणीला उचलणंही बंद, त्यात लाड नाहीत. त्याऐवजी बाजारातून आलात की किलोभर बटाट्यांची पिशवी त्याच्याकडे द्या, दारापासून ओट्यापर्यंत. मध्ये दोनदा खाली ठेवेल, एखाद्या वेळी सगळे बटाटे घरभर होतील, होऊ देत, गोळा करायलाही तोच.